दीनी शिक्षणाची निवड : एक अमानत

सूरह तौबाच्या १२२व्या आयतीत अल्लाहने श्रद्धावंतांच्या समाजाला एक व्यवस्था घालून दिली आहे. सर्वांनीच एकाच वेळी घराबाहेर पडावे असे नाही. मात्र प्रत्येक समूहातून काही जणांनी निघावे, दीनची सखोल समज प्राप्त करावी आणि परतून आपल्या लोकांना सावध करावे, असा या आयतीचा आशय आहे. त्यात तीन गोष्टी आहेत : निघणे, समज प्राप्त करणे आणि परतणे. आपल्या घरांत पहिल्या गोष्टीची चर्चा भरपूर होते. मुलाला कोणत्या मदरशात पाठवायचे, कोणाच्या ओळखीने पाठवायचे, कोणत्या महिन्यात पाठवायचे, हे ठरते. दुसरी गोष्ट आपण संस्थेवर सोपवून मोकळे होतो. तिसरी तर बहुतेकदा विचारातच घेतली जात नाही. हा मुलगा शिकून कोणाकडे परतणार आहे? त्या लोकांची भाषा कोणती, फिकह कोणती, त्यांच्यापुढील प्रश्न कोणते?

संस्था निवडण्याचा विचार या तिसऱ्या गोष्टीपासून सुरू झाला पाहिजे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत मुआज बिन जबल (रजि.) यांना यमनकडे रवाना केले, तेव्हा तुम्ही ग्रंथधारक लोकांकडे जात आहात, याची जाणीव त्यांना प्रथम करून दिली. कोणती गोष्ट आधी सांगायची आणि कोणती नंतर, हे त्यापुढे समजावले. सहीह बुखारीत आलेल्या या हदीसचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. ज्यांच्यात काम करायचे त्या लोकांची ओळख आधी आणि कामाची पद्धत नंतर. मुलाच्या दीनी शिक्षणाची आखणी करताना पालकांनीही हाच क्रम पाळावा.

निय्यत आणि पात्रता

कोणताही निर्णय घेण्यापूर्वी आपण हे का करीत आहोत, याचे प्रामाणिक उत्तर पालकांनी स्वतःला द्यावे. मूल मोठ्या आजारातून उठले म्हणून मन्नत मानली होती, हे एक उत्तर असते. शाळेत त्याचे लक्ष लागत नाही, निदान मदरशात तरी सुधारेल, हे दुसरे. घरची ओढाताण आहे, तिथे राहण्या-जेवणाची सोय होईल, हे तिसरे. यांपैकी कोणत्याही घराला दोष देण्याचे कारण नाही. गरिबी हा गुन्हा नव्हे. परंतु समाजाची पद्धतच अशी पडली की हुशार मुलगा अभियंता होईल, मधला दुकान सांभाळेल आणि ज्याला काहीच जमत नाही तो आलिम होईल, तर त्याचे परिणाम पुढील पिढीला मिंबरवरून ऐकावे लागतात. तफसीर, हदीस आणि फिकह ही अत्यंत सूक्ष्म शास्त्रे आहेत. त्यांना तल्लख स्मरणशक्ती लागते, तर्क लागतो आणि दीर्घकाळ बसण्याची चिकाटी लागते. अल्लाहच्या मार्गात उत्तम तेच द्यावे, हा नियम केवळ कुर्बानीच्या जनावरापुरता नाही.

मुलाच्या स्वतःच्या निय्यतीचाही प्रश्न आहे. जे ज्ञान अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी मिळवायचे असते, ते केवळ दुनियेच्या लाभासाठी मिळवणाऱ्यास जन्नतचा सुगंधही लाभणार नाही, अशा आशयाची हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाकडून परिपक्व निय्यतीची अपेक्षा ठेवता येत नाही, हे खरे. म्हणून हिफ्जच्या वयात पालकांची निय्यत पुरेशी मानावी. परंतु आलिमच्या अभ्यासक्रमात प्रवेश घेण्याच्या वेळी मुलाला पुन्हा विचारावे आणि त्याचे उत्तर ऐकून घेण्याची तयारी ठेवावी. बळजबरीने आलिम झालेला तरुण पुढे त्या ज्ञानाशी एकनिष्ठ राहीलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

याच्या उलट उदाहरणही आहे. इमाम अबू यूसुफ (रह.) गरीब घरातले होते. मुलाने कमवावे, अशी घरच्यांची इच्छा होती आणि त्यांना इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या दर्समधून उठवून नेले जात असे, असे चरित्रकार सांगतात. इमामसाहेबांनी त्यांची अनुपस्थिती हेरली, कारण विचारले आणि स्वतःच्या कमाईतून त्यांच्या घरखर्चाची व्यवस्था केली. पुढे तेच अबू यूसुफ (रह.) अब्बासी खिलाफतीचे मुख्य काजी झाले. मुलात ओढ आणि पात्रता असेल, अडचण केवळ पैशाची असेल, तर ती अडचण त्या कुटुंबाची एकट्याची राहू नये, हा त्यातील धडा आहे.

आधी कार्य, मग संस्था

‘आलिम व्हायचे आहे’ एवढ्या उत्तराने निवड होत नाही. दीनच्या सेवेची क्षेत्रे निरनिराळी आहेत आणि प्रत्येकाची तयारी निराळी आहे.

इमाम आणि खतीब यांना शुद्ध किराअत, नित्याच्या मसाइलची पक्की जाण आणि लोकांशी बोलण्याचे कौशल्य लागते. नमाज पढवणे हा त्यांच्या दिवसाचा दिसणारा भाग होय. न दिसणारा भाग त्याहून मोठा असतो : मय्यतीच्या घरी आधार देणे, नवरा-बायकोतील वाद ऐकून घेणे, व्यसनात अडकलेल्या तरुणाला मशिदीच्या पायरीपर्यंत आणणे. मकतबच्या मुअल्लिमला बालमनाची जाण आणि धीर लागतो. ज्या मुलाने लहानपणी नूरानी कायदा मार खात शिकला, तो मोठेपणी कुरआनजवळ भीतभीतच जातो. मुफ्तीला आलिमच्या अभ्यासक्रमानंतर इफ्ताचे स्वतंत्र प्रशिक्षण आणि अनुभवी मुफ्तींच्या हाताखाली केलेला सराव लागतो. काजीला त्यासोबत निवाड्याची पद्धत आणि देशाच्या कायद्याचे भान हवे. दाई, लेखक आणि अनुवादक यांना अरबीइतकीच आपल्या प्रदेशाची भाषा यावी लागते.

मुलींचाही विचार येथेच करावा. हजरत आयशा (रजि.) यांच्याकडे थोर सहाबा मसले विचारण्यासाठी येत, हे आपण अभिमानाने सांगतो, मात्र आपल्या मोहल्ल्यातील स्त्रियांना तहारत, वारसाहक्क किंवा खुला याविषयी विश्वासाने विचारता येईल अशी आलिमा आहे काय, हे पाहत नाही. मालेगावच्या जामिअतुस्सालिहातसारख्या मुलींच्या संस्थांनी हा मार्ग खुला केला आहे.

संस्थांची ओळख

भारतातील बहुसंख्य मदरशांचा पाया दर्से निजामी हा आहे. लखनऊच्या फिरंगी महलचे मुल्ला निजामुद्दीन सिहालवी (मृत्यू १७४८) यांच्या नावाने तो ओळखला जातो. अरबी व्याकरण, तर्कशास्त्र, फिकह, उसूल, तफसीर आणि हदीस असा त्याचा विस्तार आहे. पूर्ण अभ्यासक्रमास साधारणतः आठ वर्षे लागतात आणि शेवटचे वर्ष दौरए हदीसचे असते. हिफ्जची वर्षे याहून वेगळी. म्हणजे मुलाच्या आयुष्यातील दहा-बारा वर्षांचा हा निर्णय आहे, हे आधीच ध्यानात घ्यावे.

दारुल उलूम देवबंद आणि सहारनपूरचे मजाहिर उलूम या दोन्ही संस्था १८६६ साली स्थापन झाल्या. हदीस आणि हनफी फिकहचे सखोल अध्यापन ही त्यांची ओळख आहे. लखनऊचे दारुल उलूम नदवतुल उलमा १८९८ साली सुरू झाले. जुन्या विद्येची नव्या काळाशी सांगड घालणे हा त्यामागील हेतू होता आणि अरबी भाषा व साहित्य हे त्याचे बलस्थान राहिले. आजमगढ जिल्ह्यातील सरायमीरचे मदरसतुल इस्लाह हे मौलाना हमीदुद्दीन फराही (रह.) यांच्या कुरआनकेंद्री अध्ययनपद्धतीसाठी प्रसिद्ध आहे. त्याच जिल्ह्यातील बिलरियागंज येथे १९६२ साली स्थापन झालेल्या जामिअतुल फलाहमध्ये दीनी व आधुनिक विषय एकत्र शिकवले जातात. मुबारकपूरचे अल-जामिअतुल अशरफिया आणि बनारसचे जामिया सलफिया ही आपापल्या परंपरेतील मोठी केंद्रे आहेत. महाराष्ट्रात मालेगाव हे मदरशांचे जुने शहर आहे. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा येथे १९७९ साली सुरू झालेल्या जामिया इस्लामिया इशाअतुल उलूमने दीनी शिक्षणाबरोबर व्यावसायिक शिक्षणाच्या संस्थाही उभ्या केल्या.

कोकणातील वाचकांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. कोकणी मुस्लिम परंपरेने शाफई फिकहचे अनुयायी आहेत, तर उत्तर भारतातील मोठ्या मदरशांत प्रामुख्याने हनफी फिकह शिकवली जाते. रत्नागिरी किंवा रायगडचा मुलगा आठ वर्षे हनफी फिकह शिकून गावी परतला आणि तेथे वुजू, नमाज, निकाह यांचे मसले शाफई पद्धतीने सांगण्याची वेळ आली, तर त्याची अडचण होते आणि कधी कधी गावात वादही उभा राहतो. श्रीवर्धनचे जामिया हुसैनिया अरबिया आणि कर्नाटकातील जामिया इस्लामिया भटकळ येथे शाफई फिकहच्या अध्यापनाची सोय आहे. याचा अर्थ इतरत्र जाऊ नये असा नाही. जेथे जाल तेथे आपल्या फिकहच्या अभ्यासाची काय व्यवस्था आहे, हे आधी विचारावे, एवढाच याचा अर्थ.

पदवीनंतरचा टप्पाही आधीच नजरेत असावा. हैदराबादचे अल-माहदुल आली अल-इस्लामी हे फजीलतनंतरच्या विशेष अध्ययनासाठी ओळखले जाते. मुंबईतील मरकजुल मआरिफ मदरशातून उत्तीर्ण झालेल्यांना दोन वर्षे इंग्रजीचे शिक्षण देते. १९६१ साली स्थापन झालेले मदीना येथील इस्लामी विद्यापीठ परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देते. कोकणातील अनेक कुटुंबांचे आप्त ब्रिटनमध्ये स्थायिक आहेत. तेथील रुग्णालये आणि तुरुंग यांत मुस्लिम रुग्णांना व कैद्यांना धार्मिक आधार देणारे सेवक पगारी पदांवर नेमले जातात आणि लेस्टरशायरमधील मार्कफील्ड संस्थेत त्याचे प्रशिक्षण मिळते. आजाऱ्याच्या उशाशी बसणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले जाते; तेथे त्याचेही रीतसर शिक्षण दिले जाते, ही घेण्याजोगी गोष्ट आहे.

संस्थेच्या दारात विचारायचे प्रश्न

इमाम मालिक (रह.) यांच्या मातेने त्यांना लहानपणी रबीआ (रह.) यांच्याकडे पाठवले, तेव्हा त्यांच्या ज्ञानाआधी त्यांचे अदब शिकण्यास सांगितले, असा प्रसंग प्रसिद्ध आहे. त्या मातेने आधी गुरूचे आचरण पाहिले होते. इमारत, मिनार किंवा वार्षिक जलशाची गर्दी यांवरून संस्थेची परीक्षा होत नसते. प्रवेशापूर्वी एकदा स्वतः जावे, दोन दिवस राहावे आणि पुढील गोष्टी शांतपणे विचाराव्यात.

१. मुख्य विषय कोण शिकवतात? ते स्वतः कोठे शिकले आणि येथे किती वर्षांपासून आहेत?

२. एका शिक्षकामागे किती विद्यार्थी आहेत? मागे पडणाऱ्या मुलासाठी काय केले जाते?

३. शिस्तीची पद्धत कोणती? मारहाणीस मनाई आहे काय? मुलाने तक्रार करायची ठरवली, तर ती कोणाकडे?

४. पालकांना केव्हाही येऊन भेटता येते काय? मूल आठवड्यातून किती वेळा घरी बोलू शकते?

५. झोपण्याची जागा, स्वच्छता, पाणी आणि आजारपणात डॉक्टर यांची व्यवस्था काय?

६. शालेय विषय कोणत्या इयत्तेपर्यंत आणि कोणाकडून शिकवले जातात?

७. मागील पाच वर्षांत येथून उत्तीर्ण झालेले विद्यार्थी आज काय करीत आहेत?

तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाला स्पष्ट उत्तर मिळत नसेल, तर नाव कितीही मोठे असो, मुलाला तेथे ठेवू नये. मूल ही अल्लाहने आपल्याकडे दिलेली अमानत आहे आणि ती दुसऱ्याच्या हाती देताना चौकशी करणे म्हणजे उलमांचा अनादर नव्हे. सातव्या प्रश्नाचे उत्तर मात्र संस्थेपेक्षा तिचे माजी विद्यार्थीच अधिक खरे देतील. अशा दोघा-तिघांना गाठून बोलावे.

शालेय शिक्षण आणि सनदेची मान्यता

मदरशाची सनद आणि शासनमान्य पदवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशचा २००४चा मदरसा शिक्षण कायदा वैध ठरवला. परंतु त्या मंडळामार्फत दिल्या जाणाऱ्या कामिल व फाजिल या उच्च पदव्यांची तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याशी विसंगत असल्याने ती अमान्य केली. स्वतंत्र मदरशांच्या सनदांचा प्रश्न निराळा आहे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया इस्लामिया आणि मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ यांनी काही ठरावीक मदरशांच्या सनदा विशिष्ट अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी मान्य केल्या आहेत. मदरशातून आलेल्यांसाठी अलीगढने २०१३ पासून सेतू अभ्यासक्रमही सुरू केला. मात्र प्रत्येक विद्यापीठाची यादी वेगळी असते आणि ती बदलते. म्हणून ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा, त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहूनच खात्री करावी.

सर्वांत सोपा आणि सुरक्षित उपाय म्हणजे मुलाची दहावी आणि बारावी चुकू न देणे. मदरशात नियमित शाळेची सोय नसल्यास राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत या परीक्षा देता येतात. त्याने दीनी अभ्यासाचे नुकसान होते, ही भीती अनाठायी आहे. बारावी उत्तीर्ण आलिमपुढे विद्यापीठाचे, शिक्षकी पेशाचे, कायद्याचे असे अनेक दरवाजे खुले राहतात. तो पुढे मिंबरवर उभा राहिला, तर नाइलाज म्हणून नव्हे, स्वेच्छेने उभा राहील. मिंबरची प्रतिष्ठाही त्यातच आहे.

लोकांची भाषा

प्रत्येक प्रेषिताला त्याच्या लोकांच्या भाषेसह पाठवण्यात आले, हे तत्त्व सूरह इब्राहीमच्या चौथ्या आयतीत आले आहे. प्रेषितांनी (स.) हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना यहुद्यांची लिपी शिकण्याची आज्ञा केली आणि त्यांनी ती अल्पावधीत आत्मसात केली. दीनच्या कार्यासाठी भाषा शिकणे हे सुन्नतला धरून आहे.

आपल्या घरांतील चित्र पाहा. महाराष्ट्रातील कितीतरी मुस्लिम मुले मराठी माध्यमातून शिकतात. त्यांना उर्दू बोलता येते, पण वाचता येत नाही. काही भागांत तर घरचे बोलणेही मराठी किंवा कोकणी असते. जुमाची तकरीर मात्र अशा भारदस्त उर्दूत होते की मागील सफेतील मुलगा माना हलवतो आणि काही न घेता घरी जातो. शेजारच्या हिंदू, बौद्ध बांधवाने इस्लामविषयी जिज्ञासेने विचारले, तर त्याला त्याच्या भाषेत उत्तर देणारा आलिम पंचक्रोशीत सापडत नाही. उर्दूचा वारसा मौल्यवान आहे, तो सोडण्याचे कारण नाही. परंतु ज्याला महाराष्ट्रात काम करायचे आहे, त्याला प्रमाण मराठीत लिहिता-बोलता येणे ही सोय नसून गरज आहे. सुट्टीत घरी आलेल्या मुलाला मराठी वर्तमानपत्र वाचायला लावणे आणि एखाद्या हदीसचा अर्थ मराठीत लिहून घेणे, एवढे तर प्रत्येक घर करू शकते.

रोजी आणि सन्मान

आता तो प्रश्न, जो आईवडील मोठ्याने विचारत नाहीत : याचे पोट कसे भरेल? हा प्रश्न विचारणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. सूरह बकराच्या २७३व्या आयतीत अशा गरजवंतांचा उल्लेख आहे, जे अल्लाहच्या मार्गात असे गुंतले आहेत की उपजीविकेसाठी त्यांना फिरता येत नाही, जे हात पसरत नाहीत आणि म्हणून अजाण माणूस ज्यांना सुखवस्तू समजतो. अनेक मुफस्सिरांनी याचा संबंध मस्जिदे नबवीतील अस्हाबे सुफ्फा यांच्याशी जोडला आहे. आपल्या मशिदीच्या खोलीत राहणारा, स्वच्छ कपड्यांतला, हसून सलाम करणारा इमाम याच वर्णनात बसतो. त्याची अडचण त्याच्या चेहऱ्यावर दिसणार नाही. ती पाहण्याची जबाबदारी आपली आहे.

हजरत अबू बकर (रजि.) खलीफा झाल्यावरही कापडाच्या व्यापारासाठी बाजारात निघाले होते, तेव्हा सहाबांनी बैतुलमालमधून त्यांच्या घरखर्चाची तरतूद केली. जो समाजाच्या कामाला बांधला गेला, त्याचा खर्च समाजाने उचलावा, हा दंडक तेथेच पडला. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयानेही वक्फ मंडळांच्या अखत्यारीतील मशिदींच्या इमामांचा मोबदल्याचा हक्क मान्य केला. परंतु न्यायालयाच्या आदेशापेक्षा मोहल्ल्याची जाणीव अधिक परिणामकारक असते. मशिदीच्या रंगकामासाठी, संगमरवरासाठी चंदा सहज जमतो. इमामाच्या वेतनवाढीचा विषय निघाला की बैठक लांबते. विश्वस्तांनी इमामाला लेखी नियुक्ती, कुटुंबासह राहण्याची जागा, साप्ताहिक सुट्टी, आजारपणाचा खर्च आणि ठरावीक तारखेला वेतन द्यावे. एखाद्या धनिकाला खुतबा रुचला नाही म्हणून रातोरात कामावरून काढले जाण्याची भीती त्याला नसावी. इमाम भयमुक्त असेल, तरच तो सत्य बोलू शकेल.

दुसरीकडे, आलिमने स्वकष्टाची कमाई करण्यात कमीपणा नाही. इमाम अबू हनीफा (रह.) कापडाचे व्यापारी होते, म्हणूनच ते कोणत्याही दरबाराचे मिंधे राहिले नाहीत. एखादे कौशल्य, शिक्षकी पेशा किंवा लहानसा व्यवसाय हाताशी असलेला आलिम अधिक स्वतंत्रपणे सेवा करू शकतो.

निर्णयापूर्वी

प्रिय वाचकहो, शाबान-शव्वालचे दिवस येतात तेव्हा अनेक घरांत हा निर्णय होतो आणि बऱ्याचदा तो एखाद्या नातेवाइकाच्या एका वाक्यावर होतो. तसे करू नये. आधी घरात बसून बोलावे, त्यात मुलाच्या आईचे मत घ्यावे आणि मुलाचेही घ्यावे. अनुभवी आलिम आणि जाणत्या शिक्षकाचा सल्ला घ्यावा. संस्था प्रत्यक्ष पाहावी. त्यानंतर इस्तिखाराची नमाज अदा करून अल्लाहकडे भलाई मागावी. इस्तिखारा हा चौकशीला पर्याय नाही. चौकशी करून झाल्यावर निकाल अल्लाहवर सोपवण्याची ती रीत आहे. आणि निर्णय झाल्यावरही दरवर्षी त्याचा आढावा घ्यावा. संस्था अनुरूप नाही असे दिसले, तर ती बदलण्यात नामुष्की नाही.

घरच्या बैठकीत चर्चेसाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. आपल्या गावाला किंवा मोहल्ल्याला आज कशा प्रकारच्या आलिमची वा आलिमाची गरज आहे? आपल्या मुलाची ओढ आणि योग्यता त्या गरजेशी जुळते काय? आणि तो शिकून परतला, तर त्याला सन्मानाने उभे राहता यावे यासाठी आपण आज काय करीत आहोत?

अल्लाह आपल्या मुलांना दीनची खरी समज देवो, त्यांना आपल्या लोकांच्या उपयोगी पडण्याची संधी देवो आणि या अमानतीचे भान आपणा सर्वांना देवो. आमीन.